चूक माझी म्हना

मानवतला आम्ही बिऱ्हाड मांडलं त्याच दिवशी शेजारचे मन्मथअप्पा घरात आले, दोन्ही कान धरले आणि म्हणाले, "चूक माझी." मी हबकलोच. या माणसाला मी पहिल्यांदाच बघत होतो. "कसली चूक?" विचारलं तर म्हणे, "आजून झाली न्हाई. पन शेजार हाय, व्हनारच. आधीच माफी मागून ठिवलेली बरी."

असे हे अप्पा. कुणाची शेळी कुणाच्या वाळवणात शिरो, नळावर कुणाची घागर कुणाला लागो, अप्पा मधे पडणार. "माझ्या नावावर टाका आन् मोकळं व्हा." शेळी अप्पांची नाही, वाळवण अप्पांचं नाही. भांडणारे भांडण सोडून त्यांच्याकडंच बघत राहायचे. आई म्हणायची, या माणसाला खूळ लागलंय.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि रखडलेलं माझ्या बहिणीचं लग्न निघालं. वऱ्हाड बोरीचं. मांडवात टॉवेल-टोपीचा आहेर चालला होता. नवरदेवाच्या मामाला टॉवेल मिळाला, टोपी राहिली. एवढंच. मामा रुसले. आमच्या काकांनी गप्प बसावं की नाही? ते म्हणाले, "डोकं असंल तर टोपी." झालं. वऱ्हाड उठलं. नवरदेवाचे वडील म्हणाले, "बैलं जुपा." अक्षता अजून पडायच्या होत्या. आत हळद लागलेली बहीण बसलेली.

अप्पा पुढं झाले. कान धरले, मग स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून मामांपुढं धरली. "चूक माझी, पाव्हणं. तुमची टोपी माझ्याकडंच दिल्ती. गडबडीत मीच चढवली."

ती टोपी म्हणजे निव्वळ तेल. मी डोळेच मिटून घेतले. मामांनी टोपी उलटीपालटी करून बघितली आणि त्यांना हसू काही आवरेना. बैलं सुटली, लग्न लागलं.

पाठवणी झाल्यावर अप्पा बोडकेच ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "दुसऱ्याची चूक एवढी सहज कशी घेता हो?"

"दुसऱ्याची हलकी असती, बाबा." ते समोरच्या दाराकडं बघत होते. ते घर त्यांच्या थोरल्या भावाचं. एका पोळ्याला थोरल्याची मानाची जोडी मागं राहिली आणि अप्पांची बैलं उधळून आधी तोरणाखालून गेली. "सांजच्याला जाऊन माफी मागू म्हनलं. सांज गेली. मग उद्या म्हनलं. गरम हाय तवरच मागावी रे. शिळी झाली की तोंडातून निघत न्हाई." तेव्हापासून दोघा भावांत अबोला होता. मला हे ठाऊकच नव्हतं.

त्यांनी बुंदीचे लाडू माझ्या हातात दिले. "समोर नेऊन दे. मी दिले म्हनू नको."

मी नेऊन दिले. थोरल्यांनी कुणी दिले ते विचारलंच नाही. लाडू हातात धरून म्हणाले, "जेवला का त्यो?"

मी परत आलो आणि अप्पांसमोर दोन्ही कान धरले. "अप्पा, चूक माझी. तुमचं नाव तोंडातून गेलं. त्यांनी बोलावलंय."

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मग उठले, बोडक्या डोक्यानंच रस्ता ओलांडून थोरल्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. हात कानाशी गेले, पण गावभर वाटलेले ते दोन शब्द काही येईनात.

आतून पाट मांडल्याचा आवाज आला.