मिरलानच्या बॅगेतले बूट

रुस्तमचा शिकागोहून फोन आला तेव्हा अकिलबेक नुकताच जेवायला बसला होता.

"दाजी, मिरलान गेला," रुस्तम म्हणाला.

"वा, म्हणजे रविवारपर्यंत पोचेल."

"तसा नाही गेला, दाजी. वारला. बर्फावरून ट्रक घसरला."

अकिलबेकने चमचा खाली ठेवला. मिरलानला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. बायकोच्या चुलतभावासारखा, रुस्तमसारखाच, तोही तिकडे ट्रक चालवायचा, कैक वर्षांनी गावी यायला निघाला होता, आणि त्याच्या भरून ठेवलेल्या बॅगेत अकिलबेकचे बूट होते.

अकिलबेकला पळायचं वेड लागलं ते चाळिशीनंतर, डॉक्टरने साखरेची भीती घातल्यावर. वेड लागलं खरं, पण त्याचे पंजे बदकासारखे पसरट. एकाच प्रकारचे बूट त्याला बसत, आणि कंपनीने नेमके तेच बनवणं बंद केलं. तेव्हापासून तो जगभरच्या दुकानांचे दरवाजे ठोठावत होता. जर्मनीच्या दुकानाने कळवलं, की तुमचा देश आमच्या यादीत नाही. कोरियाच्या दुकानाने लहान मुलाचे बूट पाठवले. शेवटी अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात एक जोड मिळाला, पण ते दुकान देशाबाहेर माल पाठवेना. म्हणून पत्ता दिला रुस्तमचा, आणि रुस्तमने बूट दिले मिरलानकडे.

"आणि बॅग?" अकिलबेकने विचारलं. विचारल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

"शवपेटीबरोबरच पाठवलीय. परवा माती आहे. कोचकोरच्या पुढे गाव आहे त्यांचं."

बायको बुरुल सगळं ऐकत उभी होती. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "आपली वस्तू घेऊन यायचा होता बिचारा. मातीला जायलाच हवं. बुटांसाठी नव्हे."

"बुटांसाठी नाहीच."

तिसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला तेव्हा बुरुलने दारातच विचारलं, "मग ही रिकामी पिशवी कशाला घेतलीत?"

पिशवी घरी राहिली.

गावात गाडीतून उतरताच गार वाऱ्याने त्याच्या तोंडावर सपकारा मारला. अंगणात पांढरा तंबू उभारला होता. बाहेर कमरेला पट्टे बांधलेले पुरुष काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत होते, आतून बायकांचा विलाप येत होता. मातीला येणाऱ्या पुरुषाने लांबूनच रडत यायचं असतं. अकिलबेक शहरात वाढलेला, गेल्या कित्येक वर्षांत मोठ्याने शिंकलाही नव्हता. तरी त्याने डोळे मिटले आणि "माझ्या भावा रे, माझ्या पाठीराख्या" म्हणत पावलं टाकली. आवाज त्याला स्वतःलाच इतका भयंकर वाटला की त्याचे डोळे खरोखरच भरून आले. पुरुषांनी पुढे येऊन त्याला सावरलं.

"कुठून आलात?" मिरलानच्या म्हाताऱ्या बापाने, ओस्मोनकुलने विचारलं.

"बिश्केकहून. म्हणजे मिरलान माझं एक..." पुढे हुंदकाच आला.

"पेटीबरोबर आलेला मित्र असणार हा," मागून कोणीतरी म्हणालं. "अमेरिकेहून."

ही बातमी अंगणभर पसरायला वेळ लागला नाही. पोराला परक्या मुलखातून एकटंच पाठवलं, सोबत एकही जण आला नाही, हे सगळ्या गावाच्या मनाला लागलं होतं. आता तो सोबती सापडला. अकिलबेकने दोनदा "तसं नाही" म्हणून पाहिलं, पण लोक त्याची पाठ थोपटत "तुमचा मोठेपणा" म्हणाले आणि त्याला तंबूत आईसमोर नेऊन बसवलं.

आईचं नाव बातमा. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"काय खायचा रे तो तिकडे?" तिने विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. अकिलबेकने तोंड उघडलं. म्हातारी त्याच्या ओठांकडे पाहत होती.

"मटणाचा रस्सा, आपा. बटाटे घालून. स्वतः करायचा."

"त्याला तर चहासुद्धा जमत नव्हता. कोणी शिकवलं?"

"मीच," अकिलबेक म्हणाला.

"कांदा घालायचा का? लहानपणी वेचून बाजूला काढायचा."

"तिकडेही बाजूलाच काढायचा."

तिने डोळे मिटून मान हलवली. तो कसाबसा बाहेर पडला.

तोवर मयताला आंघोळ घालून झाली होती. नमाजाला माणसं रांगेत उभी राहिली, आणि रिवाजाप्रमाणे ओस्मोनकुल पुढे येऊन म्हणाला, "माझ्या मुलाकडे कुणाचं काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा, मी देईन. नसेल तर त्याला माफ करा."

सगळ्यांच्या नजरा अमेरिकेच्या मित्राकडे वळल्या. काहीतरी बोलायलाच हवं, असं अकिलबेकला वाटलं.

"मी माफ केलं," तो म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "म्हणजे होतं काहीतरी."

"नाही, नाही. काहीच नाही."

"काहीच नव्हतं तर माफ काय केलंस, बाळा? ओझं घेऊन मी त्याला जमिनीत ठेवणार नाही. किती होतं ते सांग. घोडी विकतो."

रांगेत कुजबुज सुरू झाली. इमाम घसा खाकरत थांबला. आता घोडी वाचवायची तर खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"बूट होते," अकिलबेक पुटपुटला. "माझे बूट होते त्याच्या बॅगेत. पळायचे."

मग एकेक मान दुसऱ्या रांगेच्या टोकाकडे वळली. मयताला आंघोळ घालणाऱ्यांना त्याचे कपडे वाटून द्यायची रीत आहे. जेक्शेन नावाच्या काटकुळ्या मेंढपाळाच्या वाट्याला बूट आले होते. भडक नारिंगी बूट घालून तो काळ्या कोटांच्या रांगेत उभा होता.

जेक्शेनने तिथल्या तिथे बूट काढले आणि मोज्यांवर बर्फात उभा राहिला. ओस्मोनकुलने ते दोन्ही हातांनी अकिलबेकसमोर धरले.

"राहू द्या, बाबा. मी यांनाच दिले."

"आधी घे. तू घेतल्याशिवाय माझा पोरगा मोकळा होत नाही."

अकिलबेकने बूट घेतले आणि लगेच जेक्शेनपुढे केले. जेक्शेन मागे सरकला. "मयताच्या डोक्यावरच्या कर्जातली वस्तू मी नाही घालायचो, भाऊ."

"अहो, पाय गारठतील तुमचे."

"गारठू देत."

इमाम म्हणाला, "आता उरकायचं का? दिवस लहान आहे."

शेवटी अकिलबेकने खाली बसून आपले अस्तर लावलेले चामडी बूट काढून जेक्शेनला दिले. ते अकिलबेकचे स्वतःचे, मयताकडून आलेले नव्हेत, म्हणून जेक्शेनने घेतले. अकिलबेकला मग नारिंगी बूट घालण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आणि घालताच त्याच्या लक्षात आलं, की जगभर शोधून मागवलेले हे बूट रुंद पंजाचे नव्हतेच. आकडा बरोबर होता, पण पंजा साधा होता, जेक्शेनसारख्या काटकुळ्या माणसाचा. नमाज झाला, जनाजा उचलला, आणि गावाने मानाने पहिला खांदा अमेरिकेच्या मित्राला दिला. कबरस्तान टेकडीवर. चढाच्या निम्म्यावरच त्याच्या करंगळ्या सोलवटल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. खांदेकरी बदलायला लोक पुढे येत, त्याच्या तोंडाकडे पाहत आणि मागे सरत.

"सोडवत नाहीये त्याला," मागे कोणीतरी हळूच म्हणालं.

टेकडीच्या माथ्यापर्यंत त्याला कोणी बदललं नाही.

उतरल्यावर त्याने चहाही घेतला नाही. जेक्शेन त्याचे बूट घालून केव्हाच मेंढरांकडे गेला होता. अकिलबेक लंगडत गाडीकडे निघाला, तेव्हा बातमा एकटीच त्याच्यामागे आली.

"आपा, मला तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला. खोटं घेऊन घरी जायची त्याची तयारी नव्हती. "मी अमेरिकेहून आलेलो नाही. मिरलानला मी कधी पाहिलंही नाही."

"माहीत आहे. पेटीबरोबर कुणी आलेलं नाही, हे मला रुस्तमने फोनवर सांगितलं होतं."

"मग तुम्ही मला ते का विचारलंत? काय खायचा म्हणून?"

"दुसरं कोण होतं विचारायला," बातमा म्हणाली. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "चाळिसाव्या दिवशी या. तो झोपायचा कुठे, ते राहिलंय विचारायचं."