स्वयंपाकघरातली विकी

ज्ञान मुक्त असावं आणि ते परक्याच्या दारात ठेवू नये, या तत्त्वासाठी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीतल्या इंजिनिअरने जिवाचं रान केलं. परक्याच्या दारात नको, म्हणून त्याने ते स्वतःच्या स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी ठेवलं.

ज्ञान म्हणजे ऑफिसची विकी. कोणती लिफ्ट कशी उघडायची, कुठली किल्ली कुठे असते, हे सगळ्यांनी लिहायचं आणि सगळ्यांना दिसायचं. दरमहा भाडं घेऊन ती सांभाळणारी कंपनी हात जोडून उभी होती. पण इंजिनिअर म्हणाला, "साहेब, सॉफ्टवेअर फुकट आहे, घरी जुना कॉम्प्युटर आहे, आणि मी आहे!"

"तू आहेस, तीच भीती आहे," साहेब म्हणाले. "एकदा जरी बंद पडली, तर ग्रीसचा डबा घेऊन परत लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं."

मग मीटिंगा झाल्या. विकीचा रंग निळा असावा की हिरवा, यावर दोन तट पडले. साहेब रोज सकाळी विचारत, "चालू आहे ना?" ती चालू असे.

एक दिवस भाड्याच्या विकीचा सेल्समन आला. साहेबांनी त्याला ठाम नकार दिला आणि सौजन्य म्हणून खालपर्यंत सोडायला निघाले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

"अरे, आपल्याच बिल्डिंगची लिफ्ट!" साहेब फोनवर ओरडले. "मशिनरूमची किल्ली कुठे आहे, विकीत बघ!"

मेकॅनिक सगळे कामावर बाहेर. इंजिनिअरने विकी उघडली. उघडेना. त्याने घरी फोन लावला.

"अगं, मिक्सरशेजारच्या डब्याचा प्लग काढलास?"

"मग मिक्सर काय तुझ्या तत्त्वांवर चालवू?" बायको म्हणाली.

"आधी लाव! साहेब लिफ्टमध्ये अडकलेत!"

"मग बरंय की. कुठे जात नाहीत." तिने प्लग लावला. "पासवर्ड मागतंय."

"तो विकीत लिहिलाय."

"आणि विकी?"

"त्या डब्यात."



"तुला पगार कोण देतं रे?"

"ते लिफ्टमध्ये आहेत."

"थांब. माझी जन्मतारीख टाकून बघते... नाही चालली." मग कीबोर्डची टकटक ऐकू आली. "तुझ्या आईची चालली. घरी ये, बोलू."

विकी सुरू झाली! हिशेबाच्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. निळे आणि हिरवे दोन्ही तट स्क्रीनभोवती गोळा झाले. इंजिनिअरने लिफ्टचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: 'हे पान अजून कुणी लिहिलेलं नाही. तुम्ही लिहाल का?'

किल्ली शेवटी त्याच्याच ड्रॉवरमध्ये निघाली. तिचा फोटो त्या पानावर टाकायचा, म्हणून त्यानेच ती मशिनरूमबाहेरच्या खिळ्यावरून काढून आणली होती.

साहेब घामाघूम होऊन बाहेर आले, ते भाड्याच्या विकीच्या करारावर सही करूनच. अडकलेल्या लिफ्टमध्ये सेल्समनला एवढा निवांत ग्राहक कधी मिळाला नव्हता.

"ग्रीसचा डबा कुठे असतो, ठाऊक आहे ना?" साहेबांनी इंजिनिअरला विचारलं. "की तेही विकीत बघतोस?"

"साहेब, तुमची सगळी माहिती आमच्याकडे हलवायला वेळ लागेल," सेल्समन रुमालाने मान पुसत म्हणाला. "एकूण पानं किती?"

इंजिनिअरने मोजली. एकच होतं: 'विकी बंद पडल्यास काय करावे.'