इगी आरी

वर्तक सरांसमोर 'पाठीत खंजीर' म्हणायची सोय नव्हती. टोकियोजवळच्या ग्योतोकुतली आम्ही चार मराठी घरं गणपतीच्या जेवणाला जमलो होतो. पुण्याहून आलेलं जुनं वर्तमानपत्र चाळत कोणीतरी म्हणालं, अमक्या पुढाऱ्याने तमक्याच्या पाठीत खंजीर खुपसला. सरांनी अर्धा मोदक पानात ठेवला आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पत्नी मेधाताई वरण वाढता वाढता म्हणाल्या, "काही नाही, जर्मनी आठवली असेल."

सर पुण्यात इतिहास शिकवत. त्यातल्या एका धड्यात ते कायमचे अडकले होते. पहिलं महायुद्ध हरलं जर्मन सैन्य. पण शस्त्रसंधीवर सही करायला पुढे ढकलली मुलकी मंडळी. मग सेनापती म्हणाले, आम्ही हरलोच नव्हतो, घरच्यांनीच पाठीत खंजीर खुपसला. वायमार गावी जिची घटना लिहिली गेली, ती नवी लोकशाही हा आरोप कपाळी घेऊनच जन्मली. "सही करणारा पुढे फिरायला गेला असताना त्याला गोळ्या घातल्या," सर सांगत आणि हळूच जिन्याकडे बघत.

मेधाताईंना टोकियोत कॉम्प्युटरचं काम मिळालं, तेव्हा सर नोकरी सोडून त्यांच्याबरोबर आले. इतर घरांत नवऱ्यामागे बायको आलेली, इथे उलटं. आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दाराला लागून. बाई सकाळी ऑफिसला गेल्या की सर दिवसभर लोकशाहीची काळजी करत. वायमारच्या त्या घटनेतलं अठ्ठेचाळिसावं कलम राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत वाटेल तो हुकूम काढू देई. डॉक्टरांनी मधुमेह सांगितल्यावर मेधाताईंनी साखरेचा डबा लपवला, तेव्हा सर मला जिन्यात गाठून म्हणाले, "लागू झालं. कलम अठ्ठेचाळीस."

खरी धास्ती त्यांना इमारतीतल्या रहिवासी सभेची होती. अध्यक्ष हायाशी-सान बँकेतून निवृत्त झालेले. कचरा कोणत्या दिवशी ठेवायचा हे सांगतानाही ते दंडाला पट्टी बांधत आणि राज्याभिषेकाला आल्यासारखे उभे राहत. दंडावरची पट्टी बघून सर मागच्या खुर्चीवर सरकत. ठराव वाचून झाला की हायाशी-सान हरकत आहे का विचारत, आणि सगळे एका सुरात म्हणत, "इगी नाशी." म्हणजे हरकत नाही. सरांच्या अंगावर काटा येई.

"तुम्हाला वाटतं, लोकशाही पडताना आवाज होतो," ते मला म्हणाले. "होत नाही. माना हलतात."

हरकत घ्यायची तर 'इगी आरी' म्हणायचं, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. पाठ करायची युक्ती त्यांची स्वतःची. "नाशी म्हणजे नाश. आरी म्हणजे टोचणारी. चुकायचा प्रश्नच नाही." मात्र प्रत्यक्ष सभेत त्यांच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही.

मग तो वसंत आला. टोकियोच्या भुयारी रेल्वेत कोणा पंथाच्या माणसांनी विषारी वायू सोडला, माणसं मेली. मी रोज त्याच गाड्यांनी जात होतो. डब्यात कोणाची पिशवी बाकाखाली राहिली की आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसायचो, आणि नंतर एकमेकांकडे. आमच्या इमारतीने तसं बघायला माणूस शोधला. तळमजल्यावरचा ओनो-सान. एकटा, दाढीवाला, कामाचा पत्ता नाही, खोलीतून कसलातरी उग्र वास. घरमालकाने त्याचा करार वाढवू नये, असा ठराव सभेपुढे आला.

सभेला निघताना मेधाताईंनी माझ्यासमोरच सरांना बजावलं. "आपलाही करार यंदा संपतोय. आपण परके आहोत इथे. तुम्ही तिथे तोंड उघडायचं नाही." त्यांचं चुकत नव्हतं. सर होय म्हणाले आणि स्वेटरची बटणं वर-खाली लावली.

ओनो-सानला कोणी बोलावलंच नव्हतं. हायाशी-सानांनी ठराव वाचला आणि हरकत विचारली. खोली एका सुरात म्हणाली, "इगी नाशी." त्या सुरात माझाही सूर होता. सूर विरला आणि मागून चिरका आवाज आला.

"इगी आरी."

खुर्च्या कुरकुरल्या. हायाशी-सानांनी कारण विचारलं. सरांची जपानी भाषा तिथेच संपत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विचारा त्यांना," ते म्हणाले, "त्याने केलंय काय?"

मी विचारलं. एक बाई म्हणाल्या, वास येतो. कोणी दाढी म्हणालं. एकमत मोडल्यावर पुढे काय करायचं, हे हायाशी-सानांना बँकेत शिकवलेलं नसावं. त्यांनी पट्टी सारखी केली आणि विषय पुढच्या सभेवर टाकला.

मेधाताई त्यानंतर कित्येक दिवस सरांशी बोलल्या नाहीत. जिन्यात माणसं सरांना पाहून घड्याळ बघू लागली. फोन वाजला की तो घरमालकाचाच असेल असं वाटून दोघंही त्याच्याकडे बघत राहत, आधी कोण उचलणार म्हणून. आणि पुढची सभा भरायच्या आतच ओनो-सान आपण होऊन घर सोडून गेला. तो कोण होता, वास कसला होता, कळलं नाही.

सरांची समजूत घालावी म्हणून मी गेलो. म्हटलं, सर, वायमारसाठी तुम्ही लढलात तरी.

"वायमार कशाला?" ते म्हणाले. "सकाळी कचरा ठेवायला तो आणि मी एकाच वेळी असायचो. एकदा त्याने खाणाखुणा करून विचारलं, निघताना तुमच्यात काय म्हणतात. मी सांगितलं, जातो म्हणायचं नसतं. येतो म्हणायचं. मग रोज म्हणायचा. मेधा घरी येते तेव्हा दमलेली असते हो. दिवसभरात माझ्याशी कोणी मराठी बोलायचं ते तेवढंच."

"आणि गेला त्या दिवशी?"

"बॅग खाली ठेवली. वाकला. म्हणाला, येतो."

पुढच्या सभेत एक किरकोळ ठराव होता. ओनो-सानची सायकल लावायची रिकामी जागा दुसऱ्या कोणाला द्यावी. हायाशी-सानांनी हरकत विचारली आणि खोली एका सुरात उत्तरली.

"इगी आरी," मागच्या खुर्चीवरून सर म्हणाले. "तो येतो म्हणालाय."