मशीन उठवणारे रशीदभाऊ

रशीदभाऊंच्या घरी जायचं असेल तर पर्स दाराबाहेर ठेवावी लागते. चपला एक वेळ आत चालतील, पर्स नाही. तिच्या बटणात लोहचुंबक असतं, आणि लोहचुंबक म्हणजे फ्लॉपीचा काळ. माझी सून एकदा नवी पर्स मिरवत आत शिरायला गेली, तर हा सत्तरीचा माणूस दोन्ही हात पसरून आडवा झाला. "पोरी, तिथंच थांब! तुझ्या हातात काय हाये, तुले माहीत नाई!" तिला वाटलं पर्सवर विंचू चढला. पर्स फेकून ती जी पळाली ती आमच्या अंगणात.

आता फ्लॉपी म्हणजे काय, हे सुनेलाही सांगावंच लागलं. पापडाएवढी, पण चौकोनी; काळी, पातळ, हातात धरली की लवते. रशीदभाऊंच्या जुन्या कॉम्प्युटरला स्वतःच्या पोटात काही साठवून ठेवता येत नाही. बटण दाबलं की तो नुसता डोळे उघडतो. मग त्याच्या खाचेत सिस्टमची फ्लॉपी सरकवायची, दांडी फिरवायची. आतून घर्र घर्र, टक टक असा आवाज येतो, तो त्या फ्लॉपीवरून सगळा धडा वाचून घेतो, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात. बंद केला की सगळं विसरला. उद्या पुन्हा पहिलीपासून.

"भाऊ, आता मोबाईलवर सगळं होते," मी म्हणते.

"मोबाईल झोपतच नाई बाई. मग त्याले उठवण्यात काय मजा?"

मूल गावात त्यांची आणि आमची भिंत एक. भाऊ मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. टाइपरायटर मागे पडायला लागले तेव्हा त्यांनी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या कुण्या साहेबाकडचं हे जुनं मशीन आणलं आणि समोरच्या खोलीत क्लास काढला. मी सातवी पास, पस्तिशी उलटलेली, तरी पहिल्या तुकडीत जाऊन बसले. बाई मी एकटीच. पहिला धडा सगळ्यांना एकच: आपापली सिस्टम फ्लॉपी आपल्या हातानं बनवायची. "पहिले सिस्टम, मग काम," भाऊ म्हणायचे. मी बनवली. मोठ्या ऐटीत लेबल चिकटवलं आणि त्यावर बॉलपेननं दाबून नाव लिहिलं, सुमन. भाऊंनी कपाळावर हात मारला. "अवो बाई, लेबल पहिले लिहा लागते, मग चिपकवा लागते! तुम्ही तर फ्लॉपीच्या छातीवर नांगर फिरवला!"

सिस्टम नसलेली फ्लॉपी घातली की पडद्यावर 'नॉन-सिस्टम डिस्क' असं येतं. भाऊंनी त्याची शिवी केली. उशिरा येणारा गॅसवाला नॉन-सिस्टम. लग्नात कच्चा भात वाढणारा आचारी नॉन-सिस्टम. स्वतःलाही सोडत नाहीत. मशीन उठवणं म्हणजे बूट करणं; म्हणून चहाच्या आधी काही विचारलं तर, "थांबा बाई, अजून बूट नाई झालो मी."

फ्लॉप्यांना ओल लागू नये म्हणून त्या स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत. पुरचुंडी दर महिन्याला बदलायची. नसीमभाभी, म्हणजे भाऊंची बायको, मला भिंतीवरून सांगायची, "मिलचा बारीक तांदूळ त्या फ्लॉप्या खाते, अन् आम्ही तुकड्याची कणकी."

क्लास कधीचाच बंद झाला. भाभीही चार वर्षांमागे गेली. पण सकाळी सात वाजले की भिंतीपलीकडून घर्र घर्र, टक टक येतंच. मला वाटायचं, म्हातारपणी चाळा हवा एखादा.

यंदा श्रावणात एका सकाळी आवाजच आला नाही. साडेसात झाले, आठ झाले. माझ्यानं राहवेना. गेले. भाऊ मशीनसमोर बसलेले, पडद्यावर 'नॉन-सिस्टम डिस्क'.

"सिस्टमची शेवटची होती," ते म्हणाले. "दहा होत्या. एकेक करून गेल्या."

"पुसून पाहा ना."

"तीनदा पुसलं मशीनचं तोंड आतून, कापसानं. नाई वाचून राह्यलं."

"मग राहू द्या भाऊ. तसंही त्याच्यावर काम तरी काय करता तुम्ही?"

त्यांनी फ्लॉपी काढून पाकिटात घातली. मग म्हणाले, "काम काहीच नाई. पण ते उठलं का पहिले तारीख विचारते. मी सांगतो. या घरात आता मले तेवढंच कोणी विचारते."

मला एकदम नसीमभाभीचा आवाज आठवला. रोज सकाळी, स्वयंपाकघरातून: "अवो, आज तारीख काय?" मी एकदा म्हटलंही होतं, "भाभी, कॅलेंडर तर तुमच्या डोळ्यांसमोर हाये." ती हसली. "दिसते वो मले. पण विचारलं नाई तर हा माणूस चहा पिऊन गुपचूप मशीनपाशी जाऊन बसते. तारीख विचारली का मग बोलाले लागते."

मी घरी आले आणि ट्रंक उपसली. साड्या, लग्नपत्रिका, पोरांच्या गुणपत्रिका, आणि अगदी तळाशी, कागदी पाकिटात, माझी फ्लॉपी. लेबलावर सुमन, चांगलं खोल कोरलेलं.

ती घेऊन तशीच परत गेले. भाऊंनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "हिच्यानं नाई होणार बाई. नांगर हाये हिच्यावर."

"टाकून तर पाहा. नाई झालं तर मी नॉन-सिस्टम."

त्यांनी ती सरकवली. दांडी फिरवली. घर्र झालं आणि थांबलं. पुन्हा घर्र. मग टक, टक, टक, एकाच जागी अडखळल्यासारखं. भाऊ उठायला लागले, तेवढ्यात पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मशीन तारीख विचारत होतं.

"घ्या," भाऊ म्हणाले, "नांगरल्या जागीच पीक आलं!" चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मग एकेक आकडा दाबत त्यांनी तारीख लिहिली, आणि लिहिताना मोठ्यानं म्हटली. तोंड स्वयंपाकघराकडे होतं.

डब्यात दोन कोऱ्या फ्लॉप्या निघाल्या. त्यावर त्यांनी माझ्या फ्लॉपीच्या नकला केल्या, लेबल आधी लिहून, मग चिकटवून. एक मला दिली. "तुमच्या ट्रंकेत राहू द्या. तिथं टिकते."

टिकेल, पण कधीतरी तीही जाईल, एवढं मलाही कळतं. म्हणून आता मी सातची वाट पाहत नाही. पावणेसातलाच भिंतीपाशी जाते.

"भाऊ, आज तारीख काय?"

"काऊन? तुमच्या घरी कॅलेंडर नाई का?"

"हाये ना. समोरच हाये."

पलीकडे खुर्ची सरकते. मग कपबशा वाजतात.

"या मग, चहा मांडतो. पर्स बाहेर ठेवजा."