आबारावची जीभ आणि यानसाहेबाची बिअर

बोअर दोनशे फूट खाली गेली आणि नुसता पांढरा फुफाटा वर आला, तेव्हा माळेवाडीच्या लोकांनी तो फुफाटाही मुठीत दाबून पाहिला. ओला नव्हता. साल त्र्याहत्तर. बेंबळीपासून दोन कोसांवरच्या या गावात सहा दिवसांनी एकदा टँकर यायचा, तोही गावाची भांडणं लावून अर्ध्या तासात परत जायचा. बोअर पाडणारं मशीन परदेशातून मदत म्हणून आलेलं होतं आणि एका गावाला एकच बोअर, असा वरचा नियम होता. माळेवाडीच्या वाट्याची पाडून झाली होती. उद्या सकाळी मशीन येडशीच्या अंगाला निघणार होतं.

दूध संस्थेच्या ओट्यावर चेअरमन गुंडाप्पा डोकं धरून बसले होते. मशीनवरच्या बेल्जियमच्या साहेबाचा जीप ड्रायव्हर वजीर त्यांच्यासमोर उकिडवा बसून बिडी ओढत होता. साहेबाचं इंग्रजी गावाला आणि गावाचं मराठी साहेबाला सांगण्याचं कामही त्याच्याचकडं होतं.

"साहेबाला अजून एक बोअर पाडाया सांग की," गुंडाप्पा म्हणाले.

"सांगितलं की. पन साब दोन म्हैन्यापास्नं लई उदास हायेत. त्यांचं कशातच ध्यान न्हाय."

"का? घरी कुनी आजारी हाय का?"

"न्हाय. बिअर हाये, पन संगं प्यायला मानूस न्हाय." वजीरनं बिडी विझवली. "मुलकातनं पेटी भरून आनलीय. येकेक बाटली येगळी. मशीनवरचे लोक रम पिनारे. त्यांला साबनं बिअर दिली, कशी हाये म्हनून इचारलं, तर बोलले, गार न्हाय. साब त्या दिशी जेवले न्हायत. मला बोलले, वजीर, ह्यातलं कळनारा येक मानूस भेटला ना, तर मी तितंच डेरा टाकीन."

गुंडाप्पांनी डोकं वर केलं. "कळनारा म्हंजे काय कळाया पायजे?"

"जिभंवर घ्यायची आन सांगायचं. आत काय काय हाये, कशी हाये, कवा प्यावी, कुनाला द्यावी."

गुंडाप्पांची मान हळूहळू कोपऱ्याकडं वळली. तिथं संस्थेचा दूध तपासनीस आबाराव रिकाम्या कॅनची झाकणं पुसत होता. आबारावची जीभ पंचक्रोशीत नावाजलेली होती. तळहातावर चार थेंब घेऊन तो सांगायचा, म्हैस कुणाची, काल तिनं काय खाल्लं, दुधात पाणी किती आणि ते कोणत्या विहिरीचं. संस्थेची दूध तपासायची काचेची नळी होती, पण ती तालुक्याचे साहेब आले की दाखवण्यापुरती. शिवाय या जिभेला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं सख्ख्या सासूची घागर दोनदा परत पाठवली होती आणि तेव्हापासून सासू त्याच्याशी बोलत नव्हती. हा त्याला झालेला एकमेव फायदा.

"अण्णा, म्या जल्मात दारूला शिवलो न्हाय," आबाराव म्हणाला.

"ती दारू न्हाय आबा. ते गावाचं पानी हाय."

घरी पुतळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "जिभंला लावायची आन थुकायची. येक घोट जरी आत गेला, तर म्या म्हायेराला चालले." आणि अट पाळली जाते की नाही हे बघायला ती स्वतः रिकामी घागर काखेत घेऊन सोबत निघाली.

चिंचेखाली साहेबाचा तंबू होता. यानसाहेब उंच, उन्हानं लालबुंद झालेला आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्डीतला माणूस. त्याच्या देशात म्हणे प्रत्येक बिअरचा पेला वेगळा असतो. एकीला दांड्याचा, एकीला रुंद तोंडाचा, एकीला उभट. त्यानं सगळे आणले होते आणि सगळे सोलापूरच्या रस्त्यावर फुटले होते. दोन महिने तो बिअर चहाच्या कपातून पीत होता आणि हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. गुंडाप्पांनी ताबडतोब गावातून भांडी मागवली. फुलपात्रं, गडवे, एक पितळी वाटी आणि संस्थेचं अर्ध्या लिटरचं दुधाचं माप. साहेबानं एकेक भांडं उन्हात धरून पाहिलं, नखानं वाजवलं आणि सोनेरी बिअरसाठी फुलपात्र पसंत केलं.

बाटली उघडली. पांढराशुभ्र फेस काठापर्यंत आला. आबारावनं वास घेतला, जिभेवर घेतली आणि पुतळाबाईकडं बघत बाजूला थुंकली. साहेबाचा चेहरा पडला.

"साब बोलतेत, थुकायचं न्हाय. हिची शेवटची चव गळ्यात असते. थुकली तर आर्धीच कळली," वजीर म्हणाला. "आन साब बोलतेत, ही त्यांच्या मुलकात साधू लोक करतेत. मठात. जप करत करत."

"मठात?" गुंडाप्पा उठून उभे राहिले. "पुतळा, मठातली वस्तू म्हंजे परसाद झाला. परसाद कुनी थुकतं का?"

पुतळाबाई पेचात सापडली. प्रसाद थुंकणारा नवरा तिला चालणार नव्हता आणि बिअर पिणारा तर नव्हताच. शेवटी ती म्हणाली, "परसादाइतकीच घ्यावी मग."

आबारावनं डोळे मिटून घोट गिळला. जीभ एकदा टाळूला लावून पाहिली. मग म्हणाला, "पानी हाय हिच्यात."

वजीरचा हात कपाळाला गेला. गुंडाप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पण आबाराव पुढं बोलत होता. "वंगाळ न्हाय. खोल हिरीचं हाय, चुनखडीतलं. गोड हाय. वर लवंग घातल्यावानी वास येतोय, पर लवंग न्हाय घातलेली. आन इकलेल्या केळाचा वास हाय, पर केळ बी न्हाय."

वजीरनं भीत भीत इंग्रजी केलं. यानसाहेब खाली बसला. त्या मठाची विहीर चुनखडीतच होती. त्यानं आबारावचे दोन्ही हात धरले आणि दुसरी बाटली काढली, ती काळसर होती. आबाराव म्हणाला, "काकवी. खारीक. जरा करपलेला गूळ. हिचं पानी येगळं हाय, लोखंडाचं." तिसरी आंबट निघाली. ती म्हणे छपराखाली लाकडी पिंपात दोन वर्षं नुसती हवा खात पडून राहते. ती पिऊन आबारावला घर आठवलं. "ही तर आंबील हाय. आमची आई करायची. लसूण तेवढा राहिला."

मग साहेबानं विचारलं, कोणती कोणाला द्यावी? आबारावला आता बरं वाटू लागलं होतं. तो मांडी घालून बसला. "सोनेरी जावायाला द्यावी. पैल्या वर्षीच्या, मागनं नगं. काळी हाय ती लेक सासरी धाडल्यावर घरात कुनी बोलत नसतंय ना, तवा बापानं घ्यावी. हळू. आंबट हाय ती सोसायटीच्या मीटिंगच्या आदी समद्यांला पाजावी, म्हंजे भांडनं कमी व्हतील."

साहेब वहीत भराभरा लिहून घेत होता आणि आनंदानं मांडीवर थापा मारत होता. गुंडाप्पांनी संधी साधून बोअरचा विषय काढायला वजीरला खुणावलं, तेवढ्यात साहेब तंबूत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली एक बाटली लहान मुलासारखी दोन्ही हातांत धरून घेऊन आला. तिच्यावर कागद नव्हता.

"ही सोता साबच्या हातची," वजीर हळू आवाजात म्हणाला. "घरामागं गोठ्यात केलेली. येकच उरलीय. आजवर कुनाला दिली न्हाय."

आबारावनं ती तोंडात घेतली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी भिजलेल्या घोंगडीचा वास, मग करपलेली भाकरी आणि शेवटी, गळ्यात, साबण. तपासनीस म्हणून दहा वर्षांत इतकं नासलेलं काही त्याच्या जिभेवर आलं नव्हतं. साहेब श्वास रोखून बघत होता. गुंडाप्पांचा अंगठा आबारावच्या पाठीत रुतला होता. आणि थोड्या अंतरावर पुतळाबाई रिकाम्या घागरीवर बसली होती. तिचे ओठ उन्हानं फाटले होते. आबारावनं तिच्याकडं पाहिलं.

"लई झ्याक," तो म्हणाला. "समद्यात हीच."

जन्मात पहिल्यांदा तो चवीबद्दल खोटं बोलला. साहेबानं त्याच्याकडं टक लावून पाहिलं, मग त्याला मिठी मारली आणि वजीरला काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मशीन येडशीला न जाता मारुतीच्या पारामागं उभं राहिलं. एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. गार आणि गोड. गावानं गुलाल उधळला आणि लगेच पाण्यानं धुऊनही टाकला, कारण आता ते परवडत होतं.

इथंच संपायला हवं होतं. पण यानसाहेबानं जाहीर केलं की आपल्या हातची बिअर आवडणारा माणूस भेटला आहे, तर या पाण्याची बिअर करून त्याला पाजल्याशिवाय हलायचं नाही. त्यानं रेशनची मिलो ज्वारी भिजवून मोड आणले, वाळवली, भरडली आणि संस्थेच्या कॅनमध्ये शिजवली. कडवटपणासाठी लागणारी फुलं नव्हती, म्हणून कडुलिंबाचा पाला घातला. पोलीस पाटलानं हातभट्टीची शंका काढली, तेव्हा गुंडाप्पांनी कॅनवर खडूनं 'गुरांचे औषध' असं लिहिलं. पाटलानं गुरांना काय झालंय विचारलं नाही, कारण सगळी गुरं छावणीत होती. त्या आठवड्यात मशीन उन्हात नुसतं उभं राहिलं तर बिघडेल म्हणून साहेबानं शाळेजवळ आणखी एक बोअर पाडली. रिपोर्टमध्ये लिहिलं, खडकाचा अभ्यास चालू आहे.

मग रोज सकाळी वजीर आबारावला बोलवायला येऊ लागला. साहेब वाटीभर बिअर काढायचा, आबाराव प्यायचा आणि साहेब विचारायचा, झाली का?

पहिल्या दिवशी ती खरंच झाली नव्हती. आबाराव म्हणाला, "आजून न्हाय." साहेबानं मान हलवली आणि मशीन मशिदीमागच्या गल्लीत नेलं. तिथं पाणी लागलं, तसं सगळ्या गावाच्या एकदम ध्यानात आलं. आबारावचं एक 'आजून न्हाय' म्हणजे आणखी एक बोअर.

त्यानंतर आबारावच्या दारात माणसं बसू लागली. बौद्ध वस्तीवरची चांगुणा दिवस उगवायच्या आत आली. "आबाराव, आमच्या बायांला आजून वढ्यापत्तुर जावं लागतंय. पारामागं गेलं तर येळ लागतो आन बोलनी बी खावी लागत्यात. आमच्या वस्तीची व्हऊस्तर ती तुमची बिअर व्हऊ देऊ नगा."

"न्हाय व्हऊ देत," आबाराव म्हणाला.

पण बिअर ऐकत नव्हती. रोज ती सुधारत होती. फडक्यातल्या बाटलीतली घोंगडी हिच्यातही होती, ती गेली, मग भाकरी गेली. चौथ्या दिवशी साबण गेला आणि मागं लिंबाचा नेमका कडवटपणा उरला. पाचव्या दिवशी मोडाच्या ज्वारीचा गोडवा वर आला आणि आबारावला तोंड वाकडं करून "आजून न्हाय" म्हणणं जड जाऊ लागलं. चांगुणाच्या वस्तीवर हापसा बसला त्या दिवशी तो तोंड वाकडं करायला विसरला आणि गुंडाप्पांना खोकून आठवण करून द्यावी लागली. घरी पुतळाबाई रोज सकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची आणि काही न बोलता दोन घागरी भरायला जायची. माहेरी ती आता जाऊ शकत नव्हती, कारण तिच्या माहेरी, बेंबळीला, पाणी नव्हतं.

मग एक दिवस गुंडाप्पा स्वतः आले. आपल्या खळ्याच्या कडेला त्यांनी चुन्याची फक्की मारून बोअरची जागा आखून ठेवली होती.

"आबा, उद्याची माजी."

"अण्णा, गावाची तहान भागली आता."

"माज्या मोसंबीची न्हाय भागली. तू फकस्त न्हाय म्हन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूपुढं सारं गाव जमलं. साहेबानं वाटी भरली. आबारावनं घोट घेतला आणि डोळे मिटले. त्यात पारामागचं पाणी होतं, एकशे चाळीस फुटांचं, काळ्या खडकातलं. ज्वारीचा गोडवा होता, लिंब होता आणि लवंग न घालता आलेला लवंगेचा वास होता. इतकी चांगली वस्तू या गावात याआधी झालेली नव्हती. गुंडाप्पांचा अंगठा पुन्हा पाठीत रुतला. आबारावनं उरलेली वाटी एका दमात संपवली.

"झाली," तो म्हणाला.

गुंडाप्पांनी अंगठा काढून घेतला. यानसाहेबानं वही मिटली, आबारावच्या खांद्यावर हात ठेवला आणि वजीरशी बराच वेळ हळू आवाजात बोलला. वजीर ऐकता ऐकता कधी आबारावकडं बघत होता, कधी गुंडाप्पांकडं.

"काय म्हनला साहेब?" आबारावनं विचारलं.

"साब बोलतेत, ही तर चार दिसांमागंच झालती. तुमी न्हाय म्हनताय म्हनून त्यांनी वळखलं, आजून कुनाची तरी बोअर राहिली आसंल. म्हनून गप ऱ्हायले."

आबारावची मान खाली गेली. "आन ती साहेबाच्या हातची बाटली? फडक्यातली?"

वजीरनं साहेबाला विचारलं. साहेब हसला नाही. त्यानं पुतळाबाईच्या घागरीकडं पाहिलं आणि दोनच वाक्यं बोलला.

"साब बोलतेत, ती बाटली नासलेली हाये हे त्यांला ठावं होतं, फेकायला जीव होत नव्हता. पन चुनखडीचं पानी वळखनारा मानूस ती पिऊन चांगली बोलला, तवाच त्यांला कळलं, ह्या गावाला किती तहान लागलीय."

मशीन दुपारी येडशीला गेलं.