नोलीनचा नमुना

शुक्रवारी सकाळी नऊला नोलीनने गॅरेजमधल्या बिअरच्या फ्रिजातून आइस्क्रीमचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत भिजलेला पाव, सार्डिनचं तेल आणि माशांची आतडी होती. म्हणजे नवऱ्याचं, मर्व्हचं आमिष घरी होतं, आणि मर्व्ह गळ घेऊन धक्क्यावर.

सेंट हेलेन्स या किनाऱ्यावरच्या गावात आइस्क्रीम संपतं, डबा संपत नाही. त्यात सूप गोठतं, खिळे राहतात, आमिष मुरतं. शौचाचा नमुनासुद्धा आधी त्यातच धरा, असं तपासणीच्या कागदावर छापलेलं होतं. मग चमचाभर छोट्या बाटलीत भरायचा. ते सकाळी चष्मा लावून करू, असं नोलीनने आदल्या संध्याकाळी ठरवलं आणि डबा स्वयंपाकघरात नको म्हणून गॅरेजमधल्या फ्रिजात ठेवला.

तिने फोन लावला. "मर्व्ह, डबा उघडलास?"

"उघडला म्हणजे? संपत आला. अगं, मासे नुसते तुटून पडतायत. यावेळी काय मुरलंय म्हणून सांगू."

चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात काढून मर्व्हच्या नाकाने कधीच काम सोडलं होतं.

"तो माझा नमुना होता."

"शेजारी गळ टाकून बसलेल्या लेनला सांगायला हवं," मर्व्ह म्हणाला. "त्यानेही मूठभर घेतलंय."

हसण्यासारखी वेळ नव्हती. नोलीनच्या आतड्याला तीस वर्षं सूज. डॉक्टर हेगननी समजावलं होतं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हूक असतात. ते आतड्यातल्या कड्यांत अडकतात, पेशी आत शिरतात आणि मारामारी करतात. नवं औषध त्या हुकांना टोपी घालतं. टोपी नीट बसली की नाही, हे शौचात उतरणाऱ्या एका प्रथिनावरून कळतं. सोमवारच्या बैठकीत डॉक्टरांपुढे त्याचा आकडा हवा. नाहीतर औषध बंद आणि पुन्हा त्या चेहरा सुजवणाऱ्या गोळ्या. नमुने लॉन्सेस्टनच्या प्रयोगशाळेत नेणारी गाडी साडेबाराला सुटणार होती.

"अजून साडेतीन तास आहेत," शेजारची ग्लेनिस म्हणाली. "तुला काय अवघड? तू तर त्यात मुरलेली."

ते खरंच होतं. हॉबार्टपर्यंतच्या रस्त्यावरचं एकेक शौचालय नोलीनला पाठ होतं. मुलीच्या लग्नातल्या शपथा तिने चर्चमागच्या दाराआडून ऐकल्या होत्या. नातवाच्या बारशाचा केक कापला तेव्हा ती कुठे होती, हे फोटोत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं.

आज मात्र ती बसली आणि नुसतीच बसली.

दहा वाजता ग्लेनिसने शिजवलेले सुके आलूबुखार आणले. अकराला काळी कॉफी. साडेअकराला दोघी अंगणाला बारा फेऱ्या मारून आल्या. साडेबाराला तपासणी केंद्रातल्या टाहलियाचा फोन.

"ड्रायव्हरला थांबवलंय मी. दुसरा चहा चाललाय त्याचा."

"कशासाठी थांबवलंय ते सांगितलंस का?"

"छे, नाव कसं सांगेन? पण तो म्हणाला, नोलीनला म्हणावं, घाई करू नको."

पाऊण वाजता तिसरा चहा संपला आणि गाडी गेली. नोलीनने डोळे पुसून डॉक्टरांना फोन लावला. "नमुना नाही हो. सकाळपासून बसलेय, काही होतच नाही."

"शेवटचं कधी झालं होतं?"

"काल संध्याकाळी."

"त्याआधी?"

"परवा. एकदाच."

"एकदाच?" डॉक्टर म्हणाल्या. "नोलीन, पहिल्यांदा आलात तेव्हा बोलता बोलता तीनदा उठून गेला होतात. हे औषध मी बंद होऊ देईन असं वाटतं का तुम्हाला? आकडा लागेलच. पण बैठक मी बुधवारपर्यंत पुढे ढकलते. जेव्हा होईल तेव्हा पाठवा."

नोलीनने फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली. तिला कुठेच जायचं नव्हतं.

कुंपणापलीकडून ग्लेनिसने विचारलं, "झालं का गं काही?"

"नाही गं," नोलीन म्हणाली, आणि गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फाटकापाशी गेली. "काही म्हणजे काहीच नाही."