सुरकुतीसुद्धा पडता कामा नये

बाबांनी जाहीर केलं, की जायचं तर स्वतःच्या गाडीने, नाहीतर जायचंच नाही.

विमान होतं, रेल्वे होती, बससुद्धा होती. पण व्याह्यांच्या दारात भाड्याच्या गाडीतून उतरायचं म्हणजे बाबांच्या मते हातात वाडगा घेऊन उभं राहण्यासारखं होतं. मुळात ते निघायला तयार झाले हेच इतकं नवल होतं, की धाकटीने ताबडतोब मान डोलावली. बाबा बैलगाडी म्हणाले असते, तरी ती बैल शोधायला गेली असती.

कारण असं, की थोरल्या मुलीने, म्हणजे ताईने, सीमेपलीकडच्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा बाबा लग्नाला गेले नव्हते. "त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," म्हणून हटून बसले होते. पुढे ताईला मुलगी झाली आणि धाकटीने मोहीम हाती घेतली. सकाळी चहाला अर्धा तास, रात्री जेवताना पाऊण तास ती बाबांना समजावत असे. (कॉलेजात तिला वक्तृत्वाच्या दोन ढाली मिळाल्या होत्या. त्या शोकेसमध्ये आहेत. धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत.) दोन पिढ्यांमधलं अंतर, पुरुषी अहंकार, बालमानसशास्त्र असं सगळं तिचं बाबांपुढे मांडून झालं. बाबा वर्तमानपत्र वाचत. आई म्हणे, "अगं, मधे श्वास तरी घे."

शेवटी एका सकाळी बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "गाडी तिकडे न्यायला कागद काय काय लागतात, ते बघ."

धाकटीला वाटलं, तिसरी ढाल मिळाली.

गाडी परदेशात न्यायची तर माणसांसारखाच गाडीलाही एक पासपोर्ट लागतो. तिकडे नेऊन विकणार नाही, परत आणीन, याची हमी म्हणून घसघशीत अनामत ठेवावी लागते. (बाबांची गाडी तिकडे कुणी फुकटही घेतली नसती. पण सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक मात्र अजून शाबूत होतं.) धाकटीने रांगा लावल्या, खिडक्यांवर भांडणं केली, आणि एका दुपारी गाडीच्या पासपोर्टचं ते लांबट पुस्तक विजयी मुद्रेने घरी आणलं.

"बाबा, नीट ऐका. हे पुस्तक म्हणजे आपली गाडी. याला पाणी लागता कामा नये, चहाचा डाग नको, सुरकुतीसुद्धा पडता कामा नये. हे खराब झालं तर गाडी अडकेल आणि अनामतही बुडेल. कळलं?"

"आत काही सूचना असतील ना?" बाबा चष्मा शोधत म्हणाले. "एकदा वाचून दाखव की."

"बाबा, मी वाचल्यात! तुम्ही फक्त जपून ठेवा. एवढं एक करा."

(तिने दीड पान वाचलं होतं. पुढचा मजकूर फार बारीक होता आणि तिला फोन आला होता.)

यथावकाश तिघं निघाली. बाबा ज्या वेगाने गाडी चालवत, त्या वेगाने आईने वाटेतल्या गावांच्या सगळ्या पाट्या वाचल्या, काही दोनदा. धाकटी मागच्या सीटवर प्लास्टिकला घामाने चिकटून बसली होती आणि एकही शब्द न बोलता सगळं सोसत होती. हे ती दर दहा मिनिटांनी सांगत होती.

सीमेवर ट्रकांची रांग, पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये कस्टमची अधिकारीण. तिने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि हात पुढे केला. बाबांनी सीटखालून एक पिशवी काढली. पिशवीतून दुसरी पिशवी काढली. आणि तिच्यातून एक चकचकीत पुस्तक काढून दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं.

ते पुस्तक धाकटीने आणलेलं नव्हतं. म्हणजे होतं तेच, पण बाबांनी त्याच्या पिना उपटल्या होत्या, पान न् पान सुटं करून लॅमिनेट केलं होतं, आणि वर स्पायरल बाइंडिंग करून घेतलं होतं.

अधिकारीणबाईंनी शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि मारला. शिक्का पानावरून घसरून टेबलावर बसला. त्यांनी पुन्हा मारला. या वेळी शिक्का उमटला, पण अंगठा फिरवताच सगळी शाई अंगठ्यावर आली.

"काका, हे प्लास्टिक कुणी घातलं?"

"मीच," बाबा अभिमानाने म्हणाले. "जाड घेतलं. पातळ काय, वर्षभरात सुटतं."

"पण पलीकडे गेलात, की ते लोक यातला एक तुकडा फाडून घेतात. येताना दुसरा फाडतात. ते फाडायचंच असतं."

"फाडायचं?"

बाबांनी पाणीपट्टीच्या कचेरीत उभी हयात काढली होती. सरकारी कागद त्यांनी स्वतः कधी फाडला नव्हता आणि दुसऱ्याला फाडू दिला नव्हता. ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे, काही चुकलं तर?"

"नाही हो काका. सगळं बरोबर असलं तर!"

मग बाईंनी दोन्ही हातांनी पान ओढून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावलं. त्यांनीही ओढून पाहिलं आणि माल मजबूत असल्याचा निर्वाळा दिला. आईने पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि एका कोपऱ्यातून प्लास्टिक सोडवायला घेतलं. ते सुटलं. त्याच्याबरोबर गाडीचा नंबरही सुटून आला.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता ही गाडी कुणाचीच नाही."

धाकटीच्या डोक्यात एकदम वीज चमकली. "बाबा! पासपोर्ट? आपले पासपोर्ट कुठेयत?"

"आहेत तसेच आहेत," बाबा खिन्नपणे म्हणाले. "त्याला तो मशीनवाला तयार होईना."

इथे धाकटीचा तोल गेला. "कुणाला न विचारता का करता तुम्ही असं? सगळ्याला प्लास्टिक! रिमोटला प्लास्टिक, सीटला प्लास्टिक! तुमच्या पिढीला काही उघडं ठेवताच येत नाही!"

"अगं, तूच म्हणालीस ना, सुरकुतीसुद्धा नको," आई म्हणाली.

"मी जपून ठेवा म्हटलं होतं!"

"मग याहून जपून कसं ठेवायचं?" आईने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी तिचं शब्दशः ऐकलं होतं, आणि ते इतकं अनपेक्षित होतं की त्यासाठी तिची काही तयारीच नव्हती. बाबा खिशातल्या रुमालाने टेबलावरची शाई पुसत होते.

अधिकारीणबाईंना दया आली. "काका, माणसांना कुणी अडवलेलं नाही. गाडी आमच्या आवारात लावा आणि चालत जा. ते बघा, समोरच फाटक."

समोरच्या फाटकापलीकडे ताई उभी होती. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण कडेवरचं गाठोडं दिसत होतं.

बाबांनी फाटकाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "तुम्ही दोघी व्हा पुढे," ते म्हणाले. "मी गाडीचं बघतो."

धाकटीच्या कानात घंटा वाजली. हाच तो क्षण! आता इथून परतले, की जन्मभर ऐकवतील, 'मी निघालो होतो, नशिबात नव्हतं.' इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात.

"बाबा, हा निव्वळ अहंकार आहे. गाडीशिवाय माणसाला किंमत नसते का?"

"अगं, मी काय म्हणतो..."

"तुम्ही काय म्हणता ते पाठ आहे मला! ताईने आणखी किती वर्षं वाट बघायची?"

"ऐकशील का? मी फक्त..."

"नको! बसा तुम्ही! गाडीलाच नात म्हणून मांडीवर घ्या!"

शब्द सुटला आणि तिलाच चटका बसला. बाबांचा रुमाल धरलेला हात तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरचे साहेब उगीचच एक फाईल चाळू लागले. पण माघार घ्यायची तिला सवय नव्हती. ती आईचा हात धरून तरातरा निघाली. पासपोर्टवर शिक्के बसले (कागदावर ते किती सहज बसतात!) आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता मागे फिरता येत नाही. व्हिसा एकाच खेपेचा होता. जाळीतून वळून पाहिलं, तर बाबा गाडीत बसून ती हळूहळू मागे घेत होते.

ताईने आईला मिठी मारली आणि दोघींच्या खांद्यांवरून मागे पाहिलं. "बाबा?"

दोन ढालींच्या मानकरणीला एक वाक्य सुचेना. तिने नुसते हात पुढे केले आणि भाचीला घेतलं. बाळ चांगलं जड होतं. त्याला खाली दोन दात आले होते, ओठ पुढे काढून ते अगदी बाबांसारखं रुसून बघत होतं. हे बघायला बाबा यायला हवे होते. 'अगं, मी काय म्हणतो' हे वाक्य तिने पुरं होऊ द्यायला हवं होतं. बाळाने तिची चेन ओढली, तिने ओढू दिली.

"थांबू थोडं," आई बाकावर टेकत म्हणाली.

"ते येणार नाहीत, आई. मी बोलू नये ते बोलले."

"ते तर तू रोजच बोलतेस. थांब जरा."

फाटक एका ट्रकसाठी वर गेलं. ट्रकच्या धुरळ्यातून एक बुटकी लाकडी खुर्ची चालत आली. तिचे पाय वर होते, आणि खाली बाबा होते.

पलीकडच्या शिपायाने अडवलं. "विकायला आणली?"

"नातीला," बाबा म्हणाले. "स्वतः केलीय. डिकीत अशी अडकून बसली होती, निघता निघेना."

ताई रडतच पुढे धावली. बाबांनी खुर्ची खाली ठेवली, धाकटीकडून बाळ घेऊन तिच्यात बसवलं, हाताने दाबून खुर्चीचा एकेक पाय डगमगत नाही ना ते पाहिलं, आणि मग ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

धाकटीचे डोळे भरून आले. पश्चात्ताप जरा हलका झाला, आणि तो हलका झाल्या झाल्या तिला कंठ फुटला. "बाबा, चुकलं माझं. पण मला खात्री होती! इतके महिने समजावलं, ते शेवटी पटलंच तुम्हाला!"

"पटायचं काय त्यात?" बाबा चकित होऊन म्हणाले. "बाळ झाल्याचं कळलं, त्याच दिवशी निघणार होतो मी."

"मग निघाला का नाहीत?"

"तू समजावायला लागलीस," बाबा म्हणाले. "म्हटलं, आधी तुझं संपू दे."